‘दगड झालायस’ असं बायको म्हणते तेव्हा: स्टोइक विचार घरात कसा आणायचा

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मानपाड्याला राहता, ऐरोलीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहात आणि कंपनीत माणसं कमी करायचं चाललं आहे. वडिलांना पार्किन्सन आहे, मुलगी नववीत आहे, घराचे हप्ते अजून बरीच वर्षं चालायचेत. वर्षभरापूर्वी प्राचीन ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ पाहायला लागलात, मग थोडं वाचलंत, आणि ‘माझ्या हातात काय आहे, काय नाही’ हे सूत्र रोज वापरू लागलात. चिडचिड कमी झाली. पण बायको म्हणते, “तू दगड झालायस.” तुमचा प्रश्न असा, की तिला हे समजत नाहीये की तुमचंच काही चुकतंय? आणि घोडबंदर रोडवरच्या धबडग्यात हे दोन हजार वर्षांपूर्वीचं तत्त्वज्ञान नेमकं वापरायचं कसं?

मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते. माझ्या कामाचा बराचसा पाया याच स्टोइक विचारावर आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. आणि माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या बायकोला जे दिसलं ते बरोबर आहे. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस असता तर तोही तिच्याच बाजूने बोलला असता. त्याच्या प्रवचनांत या अर्थाचं स्वच्छ विधान आहे, की माणसाने पुतळ्यासारखं भावनाशून्य असू नये. मुलगा, भाऊ, बाप, नागरिक म्हणून आपली नाती सांभाळावीत. तत्त्वज्ञान शिकायचं ते त्यासाठी.

हे सांगणारा माणूस सुखात लोळलेला नव्हता. एपिक्टेटस इ.स. ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथे गुलामीत जन्मला. पायाने अधू होता. रोममध्ये गुलाम असतानाच मुसोनियस रूफस या स्टोइक तत्त्वज्ञाकडे शिकला, पुढे मोकळा झाला, आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोमबाहेर काढलं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा चालवली. आपण आज जे वाचतो ते एरियन नावाच्या त्याच्या शिष्याने वर्गातलं बोलणं उतरवून ठेवलं म्हणून. त्यातूनच एरियनने एक छोटी हस्तपुस्तिका काढली, आणि तिची सुरुवातच तुमच्या सूत्राने होते: काही गोष्टी आपल्या अखत्यारीत असतात, काही नसतात. आपलं मत, आपली इच्छा, आपली नावड, एखादी गोष्ट करायला पुढे होणं, हे आपलं. शरीर, मालमत्ता, लौकिक, पद, हे आपलं नाही.

बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. मग ऐकणारा ‘माझ्या हातात नाही’ अशा गोष्टींची यादी करतो आणि त्या यादीकडे पाठ फिरवून बसतो. तुमच्याच पत्रातलं वाक्य बघा: ‘नोकरकपात माझ्या हातात नाही, म्हणून बायकोला सांगितलं नाही, उगाच तिला टेन्शन.’ कपात तुमच्या हातात नाही हे खरं. पण तिला सांगायचं की नाही हे पूर्णपणे तुमच्या हातात होतं, आणि तो निर्णय तुम्ही ‘माझ्या हातात नाही’ या नावाखाली घेऊन टाकला. बचत किती महिने पुरेल हे दोघांनी बसून बघणं, बायोडेटा नीट करणं, जुन्या सहकाऱ्यांना फोन करणं, हे सगळंही तुमच्याच बाजूचं आहे. एपिक्टेटसने रेघ मारली ती आपल्या बाजूला जे उरतं ते मनापासून करता यावं म्हणून. तुम्ही रेघेपलीकडचं सोडलंत, आणि त्याबरोबर अलीकडचंही बरंच काही सुटलं.

दुसरा प्रसंग मला जास्त लागला. गेल्या महिन्यात वडील बाथरूममध्ये घसरले. तुम्ही शांतपणे उचललंत, एक्स-रे काढून आणलात. हे उत्तम केलंत. त्या क्षणी घरात कुणीतरी स्थिर असणं गरजेचं होतं. पण मग रडणाऱ्या बायकोला म्हणालात, “झालं ते झालं, रडून काय होणार?” हस्तपुस्तिकेत नेमका हाच प्रसंग आहे. कुणी दुःखाने रडताना दिसलं तर त्याला शब्दांनी साथ द्यायला कचरू नकोस, वेळ पडली तर त्याच्याबरोबर उसासाही टाक, फक्त आतून कोलमडू नकोस, असं एपिक्टेटस सांगतो. म्हणजे तिच्या शेजारी बसायचं, हात धरायचा, “मीही घाबरलो होतो” म्हणायचं. तुम्ही घाबरला होतात ना? पत्रात तसं लिहिलं आहे. तिला मात्र ते कळलंच नाही.

भीती वाटली म्हणजे आपण स्टोइक म्हणून नापास झालो, असं तुम्हाला वाटतंय. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एक हकिगत नोंदवून ठेवली आहे. तो जहाजाने इटलीकडे निघाला होता, समुद्र खवळला, आणि जहाजावरचा एक नामांकित स्टोइक तत्त्वज्ञही इतरांसारखाच पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर गेलियसने त्याला कारण विचारलं. त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा एक भाग काढला आणि त्यातलं दाखवलं: पहिला धक्का शहाण्या माणसालाही बसतो, चेहरा उतरतो, छातीत धस्स होतं. ते आपल्या मर्जीवर चालत नाही. शहाणपण सुरू होतं त्यानंतर, मनात जे उमटलं त्याला ‘हो, हे असंच आहे’ अशी संमती द्यायची की नाही तिथे. रोमन स्टोइक लेखक सेनेका यानेही रागावरच्या आपल्या लिखाणात हीच पायरी वेगळी काढून दाखवली आहे.

सोमवारी सकाळी एचआरकडून पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं आमंत्रण आलं आणि पोटात गोळा आला, तर तो गोळा दाबू नका. येऊ दे. थोड्या वेळाने शरीर आपोआप शांत होतं. त्या वेळात मनात जे वाक्य तयार होतं ते पकडायचं. बहुतेकांचं ते ‘संपलं’ असं एका शब्दाचं असतं. या शब्दाला तुम्ही होकार देता तेव्हा खरा त्रास सुरू होतो.

यासाठी मी लोकांना वही ठेवायला सांगते. पानाच्या डाव्या बाजूला फक्त घडलेलं लिहायचं, जसं कॅमेऱ्याला दिसलं असतं. उजवीकडे मी त्यात काय घातलं ते. तुमच्या वडिलांचंच घ्या. डावीकडे: रात्री तीनदा हाक मारली. उजवीकडे: मुद्दाम करतात, मला झोपू द्यायचं नाही. आता उजव्या बाजूला प्रश्न विचारा, हे खरं आहे का? पार्किन्सनमध्ये झोप तुटते, अंथरुणात कुशीवर वळणंही जड जातं. ते हाक मारतात कारण त्यांना वळता येत नाही. औषधाच्या रात्रीच्या वेळेबद्दल न्यूरॉलॉजिस्टशी बोलता येईल, पलंगाला धरायला दांडा लावता येईल. तुमची झोप तरीही मोडेल, दमणूक तरीही होईल. पण दमणुकीवर चढलेला जो कडवटपणा आहे तो उतरतो. हे मी अनेक घरांत होताना पाहिलं आहे.

माणसं घटनांनी अस्वस्थ होत नाहीत, घटनांबद्दलच्या आपल्या मतांनी होतात, हे एपिक्टेटसचं वाक्य अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी उचललं आणि १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनीही आपल्या बोधात्मक उपचारपद्धतीचं मूळ स्टोइकांत असल्याचं नमूद केलं. मराठी वाचकांपर्यंत एलिस पोचले ते मुख्यतः कि. मो. फडके यांच्या कामामुळे, आणि महाराष्ट्रातल्या माझ्यासारख्या समुपदेशकांवर त्यांचं मोठं ऋण आहे. इथे सांगायचा मुद्दा असा, की एलिस असोत की स्टोइक, दोघांनाही भावना शून्यावर आणायच्या नाहीत. वडील पडल्यावर वाईट वाटणं योग्यच आहे. स्टोइक तर तीन चांगल्या भावना आवर्जून सांगत: आनंद, सदिच्छा आणि सावधपणा. त्यामुळे महिनाभरात या तिघांतलं काहीच वाटलं नसेल, तर ती प्रगती नव्हे. मन बधिर झाल्याची ती खूण असू शकते. त्यावर खाली बोलते.

प्रवासाचं सोपं आहे. कापूरबावडीपासून विटाव्याच्या रेल्वे पुलाखालपर्यंत काय होतं ते ठाणेकराला सांगायला नको. मेट्रोच्या कामाने त्यात भरच घातली. हस्तपुस्तिकेत सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण आहे. तिथे जाण्याआधी मनात आणा की लोक पाणी उडवतील, धक्के देतील, शिव्या देतील, कुणी चोरीही करेल. आणि निघताना स्वतःला सांगा की मला अंघोळही करायची आहे आणि मनाची घडीही नीट ठेवायची आहे. गाडी काढताना हेच म्हणा: ऑफिसला पोचायचं आहे, आणि माणसासारखं पोचायचं आहे. कुणी आडवं घातलं की पहिला हेतू जरा मागे पडतो. दुसरा तुमच्याकडेच राहतो.

मार्कस ऑरेलियसचा सकाळचा उतारा तुम्ही पत्रात दिला आहे: आज मला लुडबुडे, कृतघ्न, उद्धट, कपटी लोक भेटतील. हा सम्राट इ.स. १६१ ते १८० राज्य करत होता, साथीचा रोग आणि डॅन्यूबकाठची युद्धं यांत त्याची बरीच वर्षं गेली, आणि हे त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं आहे. पण तुम्ही उतारा मधेच तोडलात. तो पुढे म्हणतो, ही माणसं माझ्या नात्यातलीच आहेत. आपण हातांसारखे, पायांसारखे, पापण्यांसारखे एकमेकांबरोबर काम करायला जन्मलो आहोत. पहिला अर्धा भाग वाचून माणूस कवच चढवून घराबाहेर पडतो. उतारा लिहिलाय दुसऱ्या भागासाठी.

वाईट घडेल याची आधीच कल्पना करण्याच्या या सरावाबद्दल माझ्या अनुभवातून एक इशारा देते. ज्यांच्या डोक्यात आधीच रात्रभर संकटांचा सिनेमा चालतो, त्यांनी हा सराव रात्री अजिबात करू नये. तुम्ही लिहिलंत की झोपण्यापूर्वी तुम्ही ‘नोकरी गेली आहे’ अशी कल्पना करता. आजपासून थांबवा. सकाळी करा, उजेडात, अगदी थोडक्यात, आणि प्रत्येक वेळी ‘मग मी काय करीन’ इथपर्यंत जाऊनच थांबा. संकटापाशीच थांबलेली कल्पना म्हणजे निव्वळ चिंता. तिला तत्त्वज्ञानाचं नाव दिलं म्हणून ती बदलत नाही. स्वतः सेनेकाच लुसिलियस या आपल्या मित्राला लिहितो, की प्रत्यक्षापेक्षा कल्पनेतच आपण जास्त भोगतो.

नोकरीच्या भीतीवर सेनेकाचाच दुसरा उपाय मला जास्त आवडतो. तो सांगतो की अधूनमधून काही दिवस अगदी साधं, स्वस्त अन्न खा, जाडंभरडं कपडं वापर, आणि मग स्वतःला विचार, मी घाबरत होतो ते हेच का? सेनेका गडगंज होता, सम्राट नीरोच्या दरबारात होता, त्याच्या उपदेशात आणि राहणीत अंतर होतं असा आरोप त्याच्या हयातीतच झाला. आरोपात तथ्य आहे. तरी उपाय खरा आहे. तुमच्या घरी तो असा करता येईल: बायकोच्या संमतीने एक महिना हप्ता, वडिलांची औषधं, मुलीची फी आणि किराणा एवढ्यावरच घर चालवून बघा. बाहेरचं खाणं, ऑनलाइन खरेदी, वीकेंडचे खर्च बंद. महिन्याअखेरीस तुमच्यासमोर एक ठोस आकडा असेल. ‘आपण रस्त्यावर येऊ’ हे वाक्य त्या आकड्याशेजारी ठेवून बघा. आकडा वाईट निघाला तरी आधी कळलेला बरा. बँकेशी किंवा भावाशी बोलायला वेळ मिळतो.

मुलाखतींना बसाल तेव्हा रोमन लेखक सिसेरोने नोंदवलेलं स्टोइकांचं धनुर्धाऱ्याचं उदाहरण आठवा. नेम धरणं, दोरी नीट ओढणं हे त्याचं काम; बाण सुटल्यावर वारा आला तर तो त्याच्या कौशल्याचा दोष नाही. हेच तुम्ही मुलीला वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. चाचणीत मार्क कमी पडल्याचं ती सांगायला आली आणि तुम्ही म्हणालात, “मार्क तुझ्या हातात नसतात.” त्या वयाच्या मुलीला यातून एवढंच ऐकू येतं, की बाबांना काही पडलेलं नाही. तिच्याबरोबर पेपर उघडून बसा. कुठे अडलं ते बघा. ‘अभ्यास कसा केलास’ हा प्रश्न तिच्या हातातल्या गोष्टीबद्दलचा आहे.

आता वडील. इथे मला थोडं जास्त थांबायचं आहे, कारण तुम्ही लिहिलंत की संध्याकाळी त्यांच्या खोलीत बसवत नाही, म्हणून तुम्ही ‘मनःशांती राखायला’ उपवन तलावाकडे चालायला जाता.

एपिक्टेटसकडे एकदा एक सरकारी अधिकारी आला. बोलता बोलता म्हणाला, माझी छोटी मुलगी आजारी पडली तेव्हा मला ते बघवेना, मी घर सोडून निघून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप आल्यावरच परतलो. त्याला वाटत होतं की हे प्रेमापोटी झालं, कुठलाही बाप असाच वागला असता. एपिक्टेटसने त्याला एकेक प्रश्न विचारत नेलं. मुलीच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे ना? मग तिनेही निघून जायला हवं होतं का? दाईचं आहे ना? तिनेही? मग त्या लेकराजवळ राहिलं असतं कोण? तू आजारी पडलास तर तुझ्यावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी असंच प्रेमापोटी तुला एकटं टाकावं असं तुला वाटेल का? अधिकाऱ्याला कबूल करावं लागलं की त्याला घराबाहेर नेलं ते प्रेमाने नाही. ‘हे मला सहन होणार नाही’ या त्याच्या मताने नेलं.

तुम्हीही त्याच मताला होकार देत आहात. फरक एवढाच की त्याने त्याला प्रेम म्हटलं आणि तुम्ही मनःशांती म्हणता. वडिलांचा थरथरणारा हात बघणं कठीण आहे, हे मी मनापासून मान्य करते. कठीण आहे, पण असह्य नाही. आधी पंधराच मिनिटं बसा. बोलायचं सुचलं नाही तर पेपर वाचून दाखवा, क्रिकेट लावा. पार्किन्सनमध्ये चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज बारीक होतो. समोरच्याला वाटतं यांना काही कळत नाही किंवा पर्वा नाही. त्यांना कळत असतं. त्यानंतर उपवनला जरूर जा. रोज रुग्णाची देखभाल करणाऱ्या माणसाला मोकळी हवा लागतेच, आणि तुमच्या बायकोलाही लागते. तिची चालायची वेळ कोणती, हे पत्रात कुठेच नाही.

मार्कसबद्दल नंतरच्या काळातल्या एका रोमन चरित्रात नोंद आहे. लहानपणी त्याला वाढवणारा माणूस वारला तेव्हा तो रडत होता आणि राजवाड्यातले लोक त्याला आवरत होते. तेव्हा त्याचा दत्तक पिता, सम्राट अँटोनायनस पायस, म्हणाला, त्याला माणूस असू द्या; तत्त्वज्ञान असो की साम्राज्य, कुणीही माया काढून घेत नाही. हे तुमच्या बायकोला वाचून दाखवा.

सोसायटीच्या मीटिंगला जाणं तुम्ही सोडलंत, कारण ‘लोक बदलत नाहीत’. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये शिकवायला सुरुवात केली ती भर चौकातल्या, चित्रांनी रंगवलेल्या ओसरीत, लोकांच्या वर्दळीत. न्याय हा स्टोइकांच्या चार प्रमुख सद्गुणांपैकी एक आहे. एपिक्टेटस हेल्विडियस प्रिस्कस या सिनेटरची गोष्ट सांगतो. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सभेला येऊ नकोस म्हणून बजावलं. त्याचं उत्तर असं, की मला सिनेटर ठेवायचं की नाही हे तुझ्या हातात, पण आहे तोवर मला आलं पाहिजे, आणि विचारलंस तर मला योग्य वाटतं ते बोललं पाहिजे. ‘माझ्या हातात नाही’ हे सूत्र तो किती वेगळ्या ताकदीने वापरतो बघा. टँकरच्या पाण्याचा हिशोब मागायला जा. ठराव पडला तर पडला.

आता बधिरपणाबद्दल. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक बदलली असेल, आणि तुम्ही त्यालाच शांती समजत असाल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर वहीपेक्षा डॉक्टर जास्त उपयोगी पडतात. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं, खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत, आणि टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत मिळते. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोला. प्राचीन स्टोइकांनी जीवन संपवण्याबद्दल जे लिहिलं आहे ते त्यांच्या काळाचं आहे. मी त्याच्याशी सहमत नाही आणि कुणालाही ते मार्गदर्शन म्हणून देत नाही.

सेनेका रोज रात्री दिवा बाजूला नेल्यावर दिवसभराचं वागणं तपासायचा. त्याच्या बायकोला ही सवय माहीत होती, ती तोवर गप्प राहायची. तुमच्या घरी मी याच्या उलट सुचवीन: ही तपासणी आठवड्यातून एकदा बायकोसमोर बोलून करा. पहिल्या वेळी कपातीचं सांगा. ती रागावेल, बहुधा कपातीपेक्षा लपवल्याबद्दल जास्त. ऐकून घ्या. ‘हे तुझं मत आहे, घटना नाही’ असं तिला म्हणू नका. वहीची उजवी बाजू स्वतःसाठी असते.

वाचनाचं विचारलं आहे. व्हिडिओ काही महिने बंद ठेवा. हस्तपुस्तिका पुन्हा वाचण्याआधी एपिक्टेटसची प्रवचनं वाचा. तिथे तो वर्गात माणसांशी बोलतो, चिडवतो, वाद घालतो, आणि सूत्रांमागचा माणूस दिसतो. आजारी मुलीच्या बापाचं प्रकरण पहिल्याच भागात आहे. हस्तपुस्तिकेतला मुलाचं चुंबन घेताना त्याच्या मर्त्यपणाची आठवण ठेवायला सांगणारा तुकडा सध्या सोडून द्या. घरात आजारपण असताना तो मी कुणालाच देत नाही. मग मार्कस. सेनेकाची पत्रं सगळ्यात शेवटी, सावकाश, एकेक करून. मराठीत जे मिळेल ते आधी घ्या, म्हणजे बायकोलाही वाचता येईल. मुसोनियस रूफस, एपिक्टेटसचा गुरू, याचं ठाम मत होतं की स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकावं. तिला हे कितपत पटतं ते विचारा, आणि वाद झाला तर होऊ द्या.